पडताळणे आणि रचणे : खान्देशातल्या डिजिटल लॅबचा छोटा इतिहास

जळगाव, बांभोरी, फैजपूर, धुळे किंवा शिरपूर. यांपैकी कुठेही कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष काढलेल्या माणसाला विचारा, डिजिटलच्या जर्नलमधला पहिला प्रयोग कोणता होता. उत्तर बहुतेक एकच येईल : 'टू व्हेरिफाय द ट्रूथ टेबल ऑफ लॉजिक गेट्स'. म्हणजे लॉजिक गेटची सत्यता सारणी पडताळून पाहणे. विषयाचं नाव बदलत गेलं. कुठे डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, कुठे डिजिटल टेक्निक्स, कुठे लॉजिक डिझाइन, कुठे डिजिटल सिस्टीम डिझाइन. विद्यापीठं बदलली, पुस्तकांच्या आवृत्त्या बदलल्या. पहिल्या प्रयोगाचं क्रियापद मात्र जागचं हललं नाही.

माझं पीएचडीचं काम तंत्रशिक्षणाच्या इतिहासावर आहे. त्याचा कच्चा माल म्हणजे अभ्यासक्रमाच्या पुस्तिका, प्रश्नपत्रिका आणि विद्यार्थ्यांची जर्नल्स. जर्नल हा इतिहासाच्या दृष्टीने मोठा गमतीचा ऐवज आहे. एका बाजूला कोरं पान, त्यावर पेन्सिलीने काढलेलं सर्किट. दुसऱ्या बाजूला रेघी पान, त्यावर उद्देश, साहित्य, सिद्धांत, कृती, निष्कर्ष. खाली सही. ओरल झाली की ते रद्दीत जातं, त्यामुळे फार थोडी जर्नल्स उरतात. पण काय शिकवायचं ठरलं होतं ते अभ्यासक्रम सांगतो, आणि हाताने काय करायला लावलं ते जर्नल सांगतं. त्यातही उद्देशाच्या ओळीतलं क्रियापद नीट वाचावं : पडताळा, अभ्यासा, जोडा, रचा. या चार शब्दांमध्ये बराच इतिहास आहे.

या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. विषयाच्या नावात 'डिझाइन' आलं, तरी बाकावर 'पडताळणी'च राहिली. ही फारकत कशी पडली, त्या वेळी ती शहाणपणाची का होती आणि आज ती महाग का पडतेय, ते बघू.

भुसावळचे सांधे

डिजिटल लॉजिक खान्देशात कॉलेजांनी आणलं असं वाटतं, पण ते रुळांवरून बरंच आधी आलं होतं. भुसावळ मोठं जंक्शन आणि मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय. अशा जंक्शनवर सिग्नल हिरवा कधी होतो? पुढचा रूळ मोकळा असेल, आणि सांधे योग्य बाजूला बसून कुलूपबंद झालेले असतील, आणि तोच मार्ग दुसऱ्या गाडीला दिलेला नसेल, तेव्हाच. यातलं 'आणि' म्हणजे अँड गेट, 'नसेल' म्हणजे नॉट गेट. याला इंटरलॉकिंग म्हणतात. भारतीय रेल्वेत ते आधी लोखंडी लिव्हरांच्या चौकटीत होतं, मग रिलेंच्या कपाटात गेलं आणि आता संगणकात जातंय. माध्यम बदललं, तर्क तोच.

रिले आणि तर्क यांची गाठ कागदावर पक्की बांधली ती क्लॉड शॅनन या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने, १९३७ साली, एमआयटीतल्या पदव्युत्तर प्रबंधात. जॉर्ज बूलने १८५४ मध्ये मांडलेलं बीजगणित रिले आणि स्विचच्या जोडण्यांना जसंच्या तसं लागू पडतं, हे त्याने दाखवलं. यातला महत्त्वाचा भाग उलट्या दिशेचा होता. तयार सर्किट कसं वागेल ते या बीजगणिताने सांगता येतंच, पण हवं ते वागणं आधी समीकरणात लिहून त्यावरून सर्किट काढताही येतं. डिझाइन म्हणजे हीच उलटी दिशा.

आपल्याकडचा विद्यार्थी या गोष्टीला अगदी नवखा नसतो. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या गणितात 'मॅथेमॅटिकल लॉजिक' प्रकरण असतं आणि त्यात स्विचिंग सर्किट असतात : दोन स्विच, एक दिवा, दिवा कधी लागेल ते सांगा. दुसऱ्या वर्षाच्या लॅबमध्ये तोच दिवा एलईडी होऊन परत भेटतो. मध्ये दोन वर्षं गेलेली असतात आणि दोन्हींचा संबंध सहसा कुणी सांगत नाही.

१९८३

शासकीय तंत्रनिकेतनं जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत बऱ्याच आधीपासून होती. इंजिनिअरिंगच्या पदवीसाठी मात्र पोरांना पुणे, मुंबई किंवा औरंगाबाद गाठावं लागायचं. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी झाली आणि चित्र पालटलं. त्याच वर्षी गिरणेकाठी बांभोरीला श्रम साधना बॉम्बे ट्रस्टचं कॉलेज निघालं आणि यावल तालुक्यात फैजपूरला जे. टी. महाजन कॉलेज निघालं. फैजपूर म्हणजे १९३६ साली जिथे काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं ते गाव. धुळ्यात श्री शिवाजी विद्या प्रसारक संस्थेचं कॉलेजही त्याच दशकातलं. सुरुवातीला ही सगळी पुणे विद्यापीठाच्या छत्राखाली होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं (२०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने) आणि कॉलेजं तिकडे आली. १९९६ मध्ये जळगावला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं, २००१ मध्ये शिरपूरला आर. सी. पटेल. पुढे २०१७ नंतर यातली बरीच कॉलेजं लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडली गेली. थोडक्यात, चाळीस वर्षांच्या आत तीन विद्यापीठं झाली.

आता याच वर्षांत बाहेर काय चाललं होतं ते शेजारी ठेवा. १९८४ च्या सुमारास अमेरिकेत गेटवे डिझाइन ऑटोमेशन या कंपनीत व्हेरिलॉग ही हार्डवेअर वर्णनाची भाषा तयार झाली. कंपनीचे संस्थापक होते प्रभू गोयल. १९८५ मध्ये झायलिंक्सने पहिला एफपीजीए बाजारात आणला, म्हणजे कारखान्यातून बाहेर पडल्यावरही आतली जोडणी हवी तशी बदलता येते अशी चिप. १९८७ मध्ये व्हीएचडीएल भाषेला आयईईईचं मानक मिळालं. आपल्याकडे १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झालं आणि दोन वर्षांत त्यांचं १२८ लाइनींचं ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज कर्नाटकात कित्तूरला सुरू झालं. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक आलं आणि १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० उभा राहिला.

तारखा एकमेकींशेजारी ठेवल्या की विसंगती दिसते. खान्देशात डिजिटल डिझाइन शिकवायला वर्ग उघडले, आणि जवळजवळ त्याच दोन-तीन वर्षांत उद्योगाने सुटी गेट वायरने जोडण्याची पद्धत मोडीत काढायला सुरुवात केली. विद्यार्थ्यांच्या बाकावर १९६०च्या दशकातली चिप होती. बाहेर १९८५ साल उजाडलं होतं.

बाकावर काय होतं

ती चिप म्हणजे ७४०० आणि तिची भावंडं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९६०च्या दशकात काढलेली मालिका. ७४०० मध्ये चौदा पाय, आत चार नँड गेट, चौदाव्या पायाला पाच व्होल्ट, सातव्याला ग्राउंड. ७४०८ मध्ये अँड, ७४३२ मध्ये ऑर, ७४८६ मध्ये एक्स-ऑर. पुढे ७४७६ मध्ये फ्लिप-फ्लॉप, ७४९० मध्ये दहापर्यंत मोजणारा काउंटर, ७४४७ मध्ये सेव्हन सेगमेंटचा डीकोडर. भारतातल्या कुठल्याही डिजिटल लॅबमध्ये जा, हेच आकडे भेटतील.

हे मागासलेपण होतं, एवढंच म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. ७४ मालिका जगभर इतकी बनली की ती स्वस्त झाली, आणि स्वस्त झाली म्हणूनच बांभोरी-फैजपूरच्या नव्या कॉलेजला ती परवडली. नवं कॉलेज, थोडे शिक्षक, मोठ्या बॅचेस आणि दोन तासांचं प्रॅक्टिकल. जळगाव-धुळ्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं सामान मिळे. पण नेमक्या क्रमांकाची आयसी हवी तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची बुधवार पेठ जवळची. अशा ठिकाणी एक आयसी उडाली की ती पुढच्या खरेदीपर्यंत गेली. त्यातून ट्रेनर किट आलं. बंद पेटी, वर छापलेली गेटची चिन्हं, पॅच कॉर्ड खुपसायची भोकं, पुरवठा आतूनच जोडलेला. किटवर आयसी उलटी बसवून जाळता येत नाही. पण मग तिला पुरवठा लागतो, हेही हाताला कळत नाही.

पडताळणीचा प्रयोग या सगळ्याला नीट बसत होता. तो दोन तासांत होतो, प्रत्येकाचं उत्तर एकच येतं, तपासायला सोपा, शंभर किलोमीटरवरून आलेल्या एक्स्टर्नलला विचारायला सोपा. जळगावपासून शहाद्यापर्यंत पसरलेल्या विद्यापीठाला सगळीकडे सारखं मोजता येईल असं काही हवं असतं. रचना करायला लावली तर वीस विद्यार्थ्यांची वीस उत्तरं येतात आणि त्यातली काही अर्धवट असतात. १९८०-९० च्या दशकात ज्यांनी हे प्रयोग लावले त्यांनी आळसाने लावले नाहीत. जेवढं निभेल तेवढं त्यांनी पक्कं केलं.

चारपैकी तीन ओळी बरोबर

तरीही पडताळणीत काय निसटतं, ते एका बारीक उदाहरणातून पाहू. नँड गेटची सारणी चार ओळींची : दोन्ही इनपुट १ असतील तर आउटपुट ०, बाकी तिन्ही वेळा १. आता समजा दुसऱ्या इनपुटची वायर ब्रेडबोर्डमध्ये सैल आहे, आतून तुटलीय. टीटीएल चिपचा एक स्वभाव आहे : मोकळं सोडलेलं इनपुट ती बहुधा १ समजते. म्हणजे दुसरं इनपुट कायम १. मग काय दिसेल? ०-० ला १ येईल, बरोबर. ०-१ ला १ येईल, बरोबर. १-१ ला ० येईल, बरोबर. फक्त १-० ला १ ऐवजी ० येईल.

वायर तुटलेली असूनही चारपैकी तीन ओळी जुळतात. आणि उत्तर आधीच माहीत असल्यामुळे चौथी ओळ कुठून येते ते जर्नल लिहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. उद्देश पडताळणीचा असेल तर चौथी ओळ हा अडथळा ठरतो. उद्देश रचनेचा असेल तर तीच ओळ सगळ्यात मोलाची, कारण तिथून शोध सुरू होतो : वायर, पाय, पुरवठा, की माझा विचारच चुकला?

इथे भुसावळ पुन्हा आठवावं. सिग्नलच्या रिलेची जोडणी अशी केलेली असते की वायर तुटली तर रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. तुटणं हे धोक्याच्या बाजूला मोजलं जातं. टीटीएलमध्ये तुटलेली वायर बिनदिक्कत १ म्हणते. दोन्हीकडे तर्क तोच, पण बिघाड झाल्यावर काय व्हावं हे एका ठिकाणी कुणीतरी विचार करून ठरवलंय. हा विचार सत्यता सारणीत नसतो. तो डिझाइनमध्ये असतो.

के-मॅपचं काय करायचं?

या विषयातला हमखास मार्कांचा प्रश्न म्हणजे के-मॅप. १९५२ मध्ये एडवर्ड वीचने अशा तक्त्याची कल्पना मांडली आणि १९५३ मध्ये बेल लॅब्जच्या मॉरिस कार्नोने ती सुधारली. चौकोनांचा क्रम ००, ०१, ११, १० असा का, हे ओरलला हटकून विचारतात. कारण शेजारच्या दोन घरांत फक्त एकच बिट बदलायला हवा. तसं झालं की दोन घरं मिळून एक पद गळतं. पद गळलं की गेट वाचतं. त्या काळी एकेक गेट म्हणजे पैसा, जागा आणि उष्णता होती.

आता एफपीजीएच्या आत डोकावा. तिथे गेट नसतातच म्हटलं तरी चालेल. तिथे छोटे तक्ते असतात. चार इनपुटचा तक्ता म्हणजे सोळा खणांची स्मृती; प्रत्येक खणात ० किंवा १ भरून ठेवायचा. चार चलांचं कुठलंही समीकरण घ्या, सोपं किंवा अवघड, ते एकाच तक्त्यात बसतं आणि खर्च तेवढाच होतो. म्हणजे परीक्षेत चार चलांचा के-मॅप सोडवून वाचवलेली गेट या चिपवर काहीच वाचवत नाहीत. गंमत बघा, आपण जी सत्यता सारणी 'पडताळतो', तीच इथे थेट चिपमध्ये लिहिली जाते.

मग के-मॅप काढून टाकावा का? मला तसं वाटत नाही. बीजगणित डोळ्यांना दिसतं ते तिथेच. पण तो का जन्माला आला आणि आज त्याचं काम कोण करतं, हे सांगितल्याशिवाय शिकवला तर तो चौकोन रंगवण्याचा खेळ उरतो. एका तंत्रामागची टंचाई संपली तरी तंत्र प्रश्नपत्रिकेत टिकून राहतं. तंत्रशिक्षणाच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसतं.

प्रोग्रामसारखं दिसतं, पण प्रोग्राम नाही

या शतकात व्हीएचडीएल आणि व्हेरिलॉग आपल्याकडच्या अभ्यासक्रमांत हळूहळू शिरल्या आणि कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्याला वेगळाच पेच पडला. तो आधी सी शिकलेला असतो. सीमध्ये वरची ओळ आधी चालते, खालची नंतर. हार्डवेअरच्या भाषेत लिहिलेल्या ओळी या वायरी असतात. सगळ्या एकाच वेळी अस्तित्वात असतात.

दोन रजिस्टरमधल्या किमतींची अदलाबदल घ्या. सीमध्ये तिसरं तात्पुरतं चल लागतं, नाहीतर पहिली किंमत पुसली जाते. व्हीएचडीएलमध्ये क्लॉकवर चालणाऱ्या भागात 'ए ला बी द्या' आणि 'बी ला ए द्या' अशा दोन ओळी लिहिल्या की अदलाबदल होते. तिसरं चल लागत नाही, कारण क्लॉकच्या कडेला दोन्ही फ्लिप-फ्लॉप एकमेकांची जुनी किंमत एकदमच उचलतात. ज्याने ब्रेडबोर्डवर दोन फ्लिप-फ्लॉप उलटसुलट जोडून पाहिलेत त्याला हे लगेच पटतं. ज्याने फक्त किटवर सारणी पडताळली त्याला ही भाषेची लहर वाटते.

त्या दशकात राज्यभर भारनियमन होतं, खेड्यापाड्यांत जास्तच. बहुतेक एफपीजीएंची जोडणी स्मृतीत असते आणि वीज गेली की ती स्मृती कोरी होते. बाहेरच्या मेमरीतून ती पुन्हा भरावी लागते. वीज येते-जाते अशा गावात 'सर्किटला सुरुवातीची अवस्था द्यायला हवी' हे पुस्तकातलं वाक्य फार खरं वाटू शकतं. कुणीतरी जोडून दाखवायला मात्र हवं.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये लॅब मोबाइलवर आली. टिंकरकॅडचा ब्रेडबोर्ड, आयआयटींच्या व्हर्च्युअल लॅब, लॉजिसिम. आयसी जळत नाही, लॅमिंग्टन रोडला जावं लागत नाही, कितीही वेळा मोडा आणि जोडा. रचना करायला याहून स्वस्त साधन खान्देशाला कधी मिळालं नव्हतं. पण सिम्युलेटरमधली वायर सैल नसते, आणि प्रयोगाचं शीर्षक 'पडताळणे'च राहिलं तर साधन बदलून फारसं काही हाती लागत नाही.

फडाची पाळी

मग 'रचा' म्हणायचं तर काय रचायचं? त्यासाठी परक्या मुलखातला ट्रॅफिक लाइट नको. धुळे जिल्ह्यात पांझरेवर आणि शेजारी नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे साधारण चार फड. एका फडात एका हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी पीक फिरवायचं. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं. पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवायचे ते गावाने मिळून ठरवायचं. खरी व्यवस्था याहून गुंतागुंतीची आहे, पण दुसऱ्या वर्षाच्या लॅबसाठी तिचा एक धागा पुरे.

प्रश्न असा : या वर्षी उसाचा मान कोणत्या फडाचा ते दाखवणारं सर्किट रचा. पाणी पुरेसं असेल तर मान पुढच्या फडाकडे जाईल, दुष्काळ असेल तर आहे तिथेच थांबेल.

फड चार, म्हणजे अवस्था चार. चार अवस्थांना दोन बिट पुरतात, म्हणजे दोन फ्लिप-फ्लॉप. एका ७४७६ मध्ये दोन जेके फ्लिप-फ्लॉप असतात. जे आणि के दोन्ही १ असतील तर फ्लिप-फ्लॉप उलटतो, दोन्ही ० असतील तर आहे तसा राहतो. पहिल्याच्या जे आणि के दोन्हींना 'पाणी' हे इनपुट द्या. दुसऱ्याच्या दोन्हींना 'पाणी आणि पहिल्याचं आउटपुट' द्या. त्यासाठी ७४०८ मधलं एक अँड गेट लागेल. दोघांना क्लॉक एकच. क्लॉकचं एक बटण म्हणजे एक वर्ष. दोन बिटांवरून चार दिवे लावायला ७४१३९ डीकोडर. झालं, तीन आयसी.

कागदावर झालं. बाकावर खरी मजा इथून सुरू होते. ७४७६ ला सवयीने सोळाव्या पायाला पुरवठा आणि आठव्याला ग्राउंड दिलं तर ती चालणार नाही. तिचा पुरवठा पाचव्या पायाला आहे आणि ग्राउंड तेराव्याला. ७४१३९ ची आउटपुट उलटी असतात, निवडलेली लाइन ० होते, म्हणून एलईडी पाच व्होल्टकडून रेझिस्टरमधून आणून त्या लाइनीवर सोडावा लागतो. चालू केल्यावर पहिला दिवा कोणता लागेल ते नक्की नसतं. म्हणजे क्लिअर पायाला सुरुवातीला क्षणभर ० द्यायला हवं. आणि हे सगळं नीट झाल्यावर बटण एकदा दाबलं की फड एकदम दोन-तीन घरं पुढे जातो. एका दाबात तीन वर्षं गेली! बटणातली पत्री टेकताना काही मिलिसेकंद उसळते आणि चिपला त्या प्रत्येक उसळीत नवं वर्ष दिसतं.

यावर उपाय जुना आहे. दोन्ही बाजूंना जाणारा स्विच घ्यायचा आणि दोन नँड गेट एकमेकांत अडकवून एक लॅच करायचं. पहिल्या स्पर्शाला लॅच पलटतं आणि पुढच्या उसळ्यांकडे लक्ष देत नाही. हे दोन नँड गेट कुठले? पहिल्या प्रयोगातल्या ७४०० मधले. तिथे ती पडताळून झाली होती, इथे तिला काम मिळालं.

या प्रयोगातली एकही चिप नवी नाही. १९८३ च्या कपाटातही हे जमलं असतं. म्हणून मागे राहण्याचा दोष जुन्या आयसीवर टाकता येत नाही.

आज हे का महत्त्वाचं

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५०च्या दशकात आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी छोटं प्रायोगिक यंत्र बांधलं आणि मग १९६० मध्ये टिफ्रॅक हा पूर्ण संगणक सुरू केला. त्यांच्यासाठी शिकणं आणि रचणं हे एकच काम होतं. ती चैन मोजक्या लोकांची होती. १९८३ नंतर खान्देशातल्या हजारो मुलामुलींना इंजिनिअरिंगचं दार उघडलं, पण त्या दारातून पडताळणी आत आली आणि रचना बरीचशी पुण्या-मुंबईच्या बाजूला राहिली.

आता सरकार चिपबद्दल बोलतंय. २०२१ च्या डिसेंबरमध्ये सेमीकंडक्टर मिशनला मंजुरी मिळाली. 'चिप्स टू स्टार्टअप' कार्यक्रमाचं लक्ष्य ८५,००० अभियंत्यांना चिप डिझाइनचं प्रशिक्षण देण्याचं आहे. गुजरातेत धोलेऱ्याला कारखाना उभा राहतोय. पण चिपच्या कामातही दोन जाती आहेत. आणि मौज म्हणजे उद्योगात 'व्हेरिफिकेशन' हे अतिशय अवघड, मानाचं काम मानतात. तिथला व्हेरिफिकेशन इंजिनिअर उत्तर माहीत नसताना डिझाइन कुठे मोडेल ते शोधतो. तो चौथ्या ओळीच्या मागे लागलेला असतो. आपल्या जर्नलमधल्या 'व्हेरिफाय'शी त्याचं फक्त नाव जुळतं. म्हणजे नीट पडताळायलाही आधी रचणं यावं लागतं.

साक्री, चोपडा, पारोळा, नवापूरकडून येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी दुसऱ्या वर्षाची ही लॅब बहुतेकदा हार्डवेअरशी होणारी पहिली आणि शेवटची भेट असते. पुढच्या सेमिस्टरपासून सगळं स्क्रीनवर. त्या दहा-बारा प्रयोगांतला एक जरी 'रचा' या शब्दाने सुरू झाला, आणि निष्कर्षाच्या जागी 'काय चाललं नाही आणि ते कसं सापडलं' असं लिहायची मुभा मिळाली, तरी पुढे माझ्यासारख्या कुणाला ते जर्नल रद्दीतून काढून वाचावंसं वाटेल. त्याला नवी खरेदी लागत नाही. विद्यापीठाने नेमलेल्या प्रयोगांच्या यादीत एक ओळ बदलावी लागते, आणि वीस वेगवेगळी उत्तरं तपासायला शिक्षकाला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो.

पुढच्या लेखात याच कपाटातल्या दुसऱ्या पेटीकडे, ८०८५ च्या किटकडे वळू. हेक्स कोड हाताने टाइप करत शिकलेल्या पिढीबद्दल बरंच सांगायचं आहे.